नऊ फुटांपैकी पाणी किती

मित्रांनो, मी पाण्याची खोली मोजायची एक जुनी काठी आहे. बारा फुटांची. आधीच सांगून ठेवते, माझ्या मनात फारसं कोणाबद्दल चांगलं नाही. गोड गोड ऐकायचं असेल तर दुसरीकडे जा.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. रंधा मारून मारून त्याने मला सरळसोट केलं, खाली लोखंडी टोक बसवलं आणि अंगावर फुटाफुटाचे लाल-पांढरे पट्टे रंगवले. मला उन्हात उभी करून तो म्हणाला, "बाई, तू तुझं काम चोख करशील. वाचणाऱ्याचं मात्र सांगता येत नाही." तेव्हा मला वाटलं, म्हातारा उगाच कटकट करतोय. पुढे त्याचं म्हणणं पुरेपूर पटलं.

मोजणीच्या ऑफिसात मी एका साहेबाच्या हाती पडले. साहेब फार टापटिपीचा. बुटाला धूळ लागली तरी त्याचा जीव खाली-वर व्हायचा. त्याच्या खिशात एक पिवळा कपडा असे. मला पाण्यात घालायची, पाणी कुठल्या पट्ट्याला लागतंय ते बघायचं, आकडा लिहायचा आणि वर काढताक्षणी त्या कपड्याने मला खसाखसा पुसायचं. ही त्याची पद्धत. "पद्धत एक असली की चूक होत नाही," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. लोक मान डोलवायचे. मान डोलवायला काय लागतं!

एका वर्षी आम्ही नदी उगमापासून मुखापर्यंत मोजली. वर डोंगरात ती खडकाच्या भेगेतून निघते. तिथे ती एवढीशी होती की मला आडवी टाकली असती तर मी दोन्ही काठांना टेकले असते. पण पाण्याचा जोर बघावा! उतार तीव्र, पाणी काचेसारखं, आणि धोंडे एकमेकांवर आपटत खाली चाललेले. मी तळाला लागले की 'टक्क' वाजायचं. साहेबाने दीड फूट लिहिलं आणि मला पुसलं. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतंच.

खाली आलो तशी नदी बदलली. दोन्हीकडून ओढे मिळाले, पात्र रुंदावलं. वरच्या टोकेरी दगडांचे इथे गुळगुळीत गोटे झाले होते आणि तळ 'खर्र' वाजू लागला. मैदानात ती वळणं घेऊ लागली. वळणाच्या बाहेरच्या काठाला ती माती खाते, तिथे पाणी खोल. आतल्या काठाला वाळू टाकते, तिथे गुडघाभर. वाळूत मी 'सर्र' करून किंचित रुतायचे. साहेबाला या आवाजांचं काही नव्हतं. तो फोनवर बोलत असायचा.

आणि मग मुखाजवळ आलो. तिथे नदी पसरट आणि मंद होते. डोंगरातून आणलेला सगळा गाळ तिला पुढे ढकलवत नाही, म्हणून ती तो तिथेच टाकते. त्यात समुद्राची भरती दिवसातून दोनदा आत शिरते आणि ओहोटीला पाणी घेऊन परत जाते. वरचा धोंडा खाली येईपर्यंत लोण्यासारखा चिखल झालेला असतो. एवढी बदलते ही नदी! साहेब मात्र उगमाला होता तोच मुखाला.

तिथे होडीचा नवा धक्का बांधायचा होता. जुना लाकडी धक्का वळणाच्या बाहेरच्या काठाला होता. तो कुजला होता. साहेबाला नवा धक्का खाली, डांबरी रस्त्याला लागून हवा होता. होडी चालवणारी बाई आम्हाला तिथे घेऊन गेली. साहेबाने मला पाण्यात सोडलं. आवाजच आला नाही. मी आपली मऊ मऊ चिखलात खाली खाली चालले. पाणी नवव्या पट्ट्याला लागलं. साहेबाने नऊ लिहिलं.

होडीवाली म्हणाली, "साहेब, आत्ता भरती आहे. ओहोटीला इथे बगळे चालतात."

"बगळ्यांना विचारून धक्के बांधत नाहीत, बाई."

"पण बगळ्याचे पाय केवढे असतात, ते तरी बघा!"

साहेब हसला. मला वर काढलं, तेव्हा माझ्या अंगावर पाच फुटांपर्यंत काळा चिखल माखला होता. नवातले पाच गेले, राहिले चार. लहान पोरानेही सांगितलं असतं. साहेबाने नाक मुरडलं, "शी!" म्हणाला आणि पिवळा कपडा काढून मला लख्ख पुसलं. पुरावा त्या कपड्यात गेला आणि कपडा धुवायला गेला.

धक्का झाला. जुना पाडला. उद्‌घाटन अर्थात भरतीच्या वेळी झालं, हार-तुरे झाले, साहेबाचं कौतुक झालं. मी आता जुनी झाले म्हणून मला धक्क्याच्या टोकाशी रोवलं आणि माझ्यावर पाटी ठोकली: 'सावधान! खोल पाणी. पोहू नये.' पायाशी चिखल आणि डोक्यावर ही पाटी. लाज कशी वाटत नाही या लोकांना, असं मला रोज वाटे.

होडीवालीची म्हातारी आई पलीकडच्या काठावर राहायची. तिची किडनी गेली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला अलीकडच्या हॉस्पिटलात डायलिसिसला यावं लागे. एक खेप चुकली तर तिचे पाय सुजत आणि श्वास लागे. पुढच्याच सोमवारी भर ओहोटीला होडी आली आणि धक्क्यापासून चाळीस फुटांवर चिखलात बसली. होडीवालीने इंजिन ताणलं. नुसता चिखल उडाला. म्हातारी होडीत धापा टाकत होती.

"ती काठी उपट आणि फेक इकडे!" होडीवाली धक्क्यावरच्या तिकीटवाल्याला ओरडली.

"ताई, ती सरकारी मालमत्ता आहे."

"मग माझी आई कोणाची मालमत्ता आहे रे? फेक!"

फेकली बाबा त्याने. होडीवालीने माझी पाटी उखडून चिखलावर टाकली, होडीतली बसायची फळी तिच्या पुढे टाकली आणि आईला पाठुंगळी घेतली. एक फळी ओलांडायची, मागची माझ्या लोखंडी टोकाने ओढून पुढे सारायची. एका हाताने आईला धरलेलं, दुसऱ्या हातात मी. चाळीस फुटांना अर्धा तास लागला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत आईचं मशीन दुसऱ्याला लावलं होतं. संध्याकाळी नंबर लागला. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा असा उशीर करू नका, जिवावर बेतेल." उशीर कोणी केला, हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत.

मंगळवारी होडीवाली धक्क्याच्या टोकाशी परत आली. ओहोटी अजून पुरती झाली नव्हती. तिने मला तळात खुपसलं, वर काढलं आणि तशीच ओलीचिंब खांद्यावर टाकून ऑफिसात नेली. साहेबाच्या काचेच्या टेबलावर आडवी ठेवली.

"अहो, अहो! काच आहे ती! कपडा आणा रे कोणीतरी!"

"कपडा लावाल तर याद राखा. आधी वाचा. चिखल कुठवर आहे?"

साहेबाने मान वाकडी करून बघितलं. "पाच."

"आणि त्याच्या वर नुसती ओल?"

"एक."

"म्हणजे पाणी एक फूट. तुम्ही लिहिलंत नऊ."

"मी पद्धतीप्रमाणे लिहिलं. आता दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवतो. सहा महिने तरी लागतील."

"आईला परवा यायचंय."

होडीवालीने मला उचललं. तो म्हणाला, "काठी ठेवा, ऑफिसची आहे." ती म्हणाली, "तुम्हाला ती वाचता येत नाही," आणि निघाली. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी खूश झाले.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी वस्तूंनी काळजी घ्या म्हणून विनवायचं असतं. मला तुमच्या रंगाची, तेलाची, कौतुकाची काही गरज नाही. एवढंच करा. मी वर आले की अंगावर काय आलंय ते बघा. हात घाण होतील. होऊ देत.

बुधवारी होडीवाली आणि तिचा दीर वळणाच्या बाहेरच्या काठाला गेले. ओहोटीत, जुन्या धक्क्याच्या खुंटांमधून मला पावलापावलावर टेकवत त्यांनी होडीपुरती वाट शोधली. मग कुदळीने उंच काठात पायऱ्या खणल्या. गुरुवारी पाणी ओसरलेलं असतानाच होडी आली. साहेबाच्या धक्क्यासमोर बगळे फिरत होते. होडीवालीने वळणाशी मला पाण्यात सोडलं. मी तळाला लागले, खाली घट्ट वाळू होती. तिने मला वर काढून नीट न्याहाळलं.

आईने घाबरत विचारलं, "किती आहे गं?"

"सात," ती म्हणाली. "सातच्या सात पाणी आहे, आई. ऊठ, हात दे."