दिवसाची झोप

रूपाबाईने पाच नंबरच्या तंबूची मेख दगडाने ठोकली, दोरी ओढून पाहिली आणि मगच मागे वळली. स्कूटीचा आवाज तिने मघाशीच ओळखला होता. बांधावरच्या चढाला गाडी एकदा बंद पडायची, पुन्हा चालू व्हायची. लेक आली होती.

आठवडाभर रूपाबाई मनातल्या मनात लेकीशी भांडत होती आणि दर वेळी जिंकत होती. त्यामुळे आज तिला धास्ती नव्हती.

ईसापूर धरणाच्या पाण्याकाठी भीमराजने तंबूंचा हा कॅम्प टाकला, त्याला दोन वर्षं झाली होती. त्याचा हिंगोलीत फोटो स्टुडिओ होता. शनिवारी पाहुण्यांबरोबर तो यायचा. एरवी कॅम्प म्हणजे रूपाबाई आणि तिचा नवरा वसराम. ती चुलीवर रांधायची, तो तंबू, सरपण आणि पाण्याची मोटार बघायचा. स्वयंपाकाच्या पत्र्याच्या खोलीमागे एका तंबूतच दोघं राहायची. त्याआधीचा त्यांचा सगळा संसार ऊसतोडीवर झाला होता. दिवाळी सरली की तांड्यातल्या घराला कुलूप आणि उन्हाळ्यापर्यंत उसाच्या पाचटाची कोपी. पुनम अशाच एका कोपीत जन्मली होती. आता ती हिंगोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती.

"याडी, सामान काहून बांधलं न्हाई?" गाडीवरून उतरता उतरताच तिने आईला विचारलं.

"आधी बस तर. रात्रपाळी करून तशीच आली ना? डोळे बघ कसे झालेत."

"डोळ्याचं राहू दे. फोनवर बोलले होते ना मी, या शनिवारी तुमाला हिंगोलीला माझ्याकडं घेऊन जाणार म्हणून."

वसराम सरपणाचा भारा घेऊन आला. "आली व्हय?" म्हणून त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, भारा टाकला आणि मोटार बघून येतो म्हणाला. मोटार बंदच होती.

रूपाबाईने गरम भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि कांदा पुढ्यात ठेवला. पुनम खाली बसली खरी, पण तिचं बोलणं थांबलं नाही.

"जिंदगी कोपीत गेली तुमची. आता जरा बरे दिवस आले, तर पुन्हा कापडाचं घर. दवाखान्यात बाया इचारतात, आईबाप काय करतात. काय सांगू मी?"

"सांग, कॅम्प चालवतात."

"हसू नको."

"हसून न्हाई राहिले." रूपाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "फडावर मुकादम आमाला उठवायचा. इथं मी पाहुण्यांला उठवते, चहा झालाय म्हणून. तिथं भुईवर निजले, कारण दुसरं काही नव्हतंच. इथं निजते, कारण मला आवडतं. दोन्ही बराबर कसं होईल गं?"

हे वाक्य तिने पाणी भरताना, भांडी घासताना कितीदा घोळवलं होतं. ते नीट लागलं. पुनम भाकरीचे तुकडे मोडत राहिली, मोडलेले तसेच ताटात ठेवत राहिली.

जिंकल्यावर जे वाटायला हवं ते रूपाबाईला वाटेना. तिने आमटी वाढायला पळी उचलली. ताटात जागाच नव्हती.

"माझ्या दोन्ही खोल्या चांगल्या हायत," पुनम खाली बघत म्हणाली. "पल्याडची तर मी उघडत बी न्हाई."

"अन् ती तुझ्यासंगं राहणारी जोडीदारीण? कुरुंद्याची सपना?"

"तिचं लगीन होऊन गेलं, याडी. दिवाळीच्या आधीच. सांगितलं होतं मी तुला."

सांगितलं होतं खरं. रूपाबाईने ती लग्नाची बातमी म्हणून ऐकली होती. साडी कोणती नेसली होती, जेवायला काय होतं, असंही विचारलं होतं.

तिने ताट बाजूला सारलं. "जा, घडीभर पड. पाच नंबर झाडून ठेवलाय. पाहुणे सांजच्याला येतील."

"दिवसा मला झोप लागत न्हाई."

"नुसतं आंग टाक."

पुनम आत जाऊन आडवी झाली. रूपाबाईने तिच्या अंगावर गोधडी घातली आणि उठायला लागली, तेव्हा पुनम डोळे मिटूनच म्हणाली, "इथंच बाहेर बस ना. बोलत राहा काहीतरी. खोलीत लई सामसूम असते."

रूपाबाई मेथीची जुडी घेऊन तंबूच्या तोंडाशी बसली. एकटीने काय बोलायचं, ते तिला कळेना. तेवढ्यात बांधावरून वसराम येताना दिसला. तिने त्याला खुणेने बोलावलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "तुमच्या भावाची म्हैस व्याली का?"

"व्याली की. काल तूच तर सांगितलं मला."

"मग पुन्हा सांगा."

वसरामने तिच्याकडे पाहिलं, मग तंबूच्या कापडामागच्या गोधडीकडे. तो खाली बसला, मेथीची अर्धी जुडी आपल्याकडे ओढली आणि म्हशीपासून सुरुवात केली. म्हशीवरून तो भावाच्या सासऱ्यावर गेला, तिथून हरभऱ्यात शिरणाऱ्या नीलगायींवर, त्या रोह्यांवरून फडावरच्या एका बैलावर. हा बैल मुकादमाची टोपी दिसली की जागचा हलत नसे. रूपाबाई मध्ये मध्ये त्याचं चुकलेलं दुरुस्त करत होती. आत श्वास लांब होत गेला, मग हलकं घोरणं ऐकू आलं. दोघांनीही बोलणं थांबवलं नाही.

ऊन कललं तेव्हा भीमराजची गाडी आली. मागे नांदेडचं एक कुटुंब होतं. भीमराज बॅगा घेऊन थेट पाच नंबरकडे निघाला. रूपाबाई आडवी आली.

"त्यात पाहुणे हायत."

"कोण पाहुणे? हा तर यांच्यासाठी ठेवला होता."

"पुनम निजलीय."

भीमराजने वाकून आत पाहिलं आणि बॅगा खाली ठेवल्या. मग कुजबुजत म्हणाला, "मग मावशी, एवढ्या मोठ्यानं काहून बोलून राहिल्या? उठेल ना पोरगी."

"बोलणं थांबलं की उठेल."

भीमराज पाहुण्यांकडे वळला आणि पाण्याजवळची जागा त्याहून झकास आहे, सूर्य थेट समोर बुडतो, असं सांगत त्यांना तिकडे घेऊन गेला. वसराम खोलीतून जादा तंबू काढून मागोमाग निघाला. पाहुण्यांची मुलगी त्याला नावं विचारत होती, पाखरांची, झाडांची. तो तिला मोठ्याने उत्तरं देत होता.

तंबू उभा करून वसराम परतला तेव्हा रूपाबाई त्यांच्या स्वतःच्या तंबूत होती. पिशवीत दोन लुगडी घातली होती, तिसरं घडी करत होती. तो दारातच उभा राहिला.

"उद्या पाहुणे गेले की निघते तिच्यासंगं," ती वर न बघता म्हणाली. "शनिवारी दोघी येऊ. मधल्या दिवसांत इथं तसं कोण असतंय."

"मी असतो ना."

रूपाबाईचा हात घडीवरच थांबला. वसराम आत आला आणि तिच्याजवळ बसला.

"तुमाला न्हाई म्हणायचं असेल, तर म्हणा," ती म्हणाली.

"तिला तर तू न्हाई म्हणणार होतीस. आठ दिवस भांडी घासता घासता म्हणत होतीस. मी ऐकलं."

"म्हटलं बी. चांगलं जमलं होतं."

"मग?"

"ती आपल्याला न्यायला आली न्हाई हो," रूपाबाई म्हणाली. "तिथं तिच्याशी बोलायला कोण न्हाई." तिने लुगडं पिशवीत कोंबलं. "भाकरी थापायला जमतील का तुमाला?"

"तू बाळंतीण होतीस तवा फडावर कोण थापत होतं?"

"जाड होतात तुमच्या."

"होऊ दे. मलाच तर खायच्यात."

पाण्याकडून मुलीच्या हसण्याचा आवाज आला. पाच नंबरमध्ये अजून काही हालचाल नव्हती. वसरामने उठून दोरीवरची आपली लोकरीची शाल ओढून काढली, झटकली, चौघडी केली आणि तिच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवली.

"असू दे जवळ," तो म्हणाला. "पक्क्या घराची फरशी लई गार असती."