जखमी क्रमांक पाच

आठवीपर्यंत मी वर्गात 'हजर मॅडम' एवढंच बोलायचे, तेही हळू, म्हणून दोनदा माझी गैरहजेरी लागली. नववीत नेवाशाच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून तोंड बंद झालेलं नाही. विषय होता 'आता हवे फक्त युद्ध!' मी टेबलावर अशी मूठ आपटली की परीक्षकांच्या ग्लासातलं पाणी सांडलं. पहिला नंबर आलेला मुलगा पाणी वाचवण्यावर बोलला होता, हा निव्वळ योगायोग.

त्यानंतर देशाच्या संरक्षणाची थोडी जबाबदारी माझ्यावर आहे असं मला वाटायला लागलं. त्यात आमचं नगर. इथे लहानपणी सहलीला रणगाड्यांच्या संग्रहालयात नेतात. रणगाड्याशेजारी उभं राहून काढलेला माझा फोटो घरी देवघराच्या वर आहे.

म्हणून शाळेत हवाई हल्ल्याचा सराव आहे अशी सूचना आली, तेव्हा मी बाकावर उभीच राहिले. फलकावर यादी लागली होती. मृत तीन, जखमी सात. मृत क्रमांक तीन : सृष्टी गाडे. म्हणजे मी! मी धावत शोभा मॅडमकडे गेले.

"मॅडम, माझी वाक्यं कुठली?"

"मेलेल्याला वाक्यं नसतात गं."

"शेवटचे शब्द तरी?"

"सृष्टी, तू सायरन वाजल्याबरोबर जातेस. शब्दांना वेळच नाही."

हे मला परवडणारं नव्हतं. माझ्या बाकावर रुपाली बसते. ती जखमी क्रमांक पाच होती, डावा हात फ्रॅक्चर, आणि यादीत तिच्या नावापुढे चक्क 'विव्हळणे' असं लिहिलं होतं. रुपाली कबड्डी खेळते, महिन्याभरात तिची जिल्ह्याची निवड चाचणी होती. ती दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलते. विव्हळणं तिच्यावर वाया चाललं होतं.

"बदलतेस का?" मी म्हटलं.

"चालेल. पहाटे पाचला प्रॅक्टिस असते. तेवढीच झोप होईल."

पण बदलाला रीतसर अर्ज लागला. 'महोदय, मला मृत होण्याऐवजी जखमी होण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.' खाली पालकांची सही. पप्पा नागापूरच्या कंपनीतून रात्रपाळी करून आले होते.

"कसली सही? सहल हाय का?"

"नाही पप्पा, मरण रद्द करायचंय."

"बरं," म्हणाले आणि सही करून झोपले.

शुक्रवारी वरून निरीक्षक आले, मुळेसाहेब. बगलेत फाइल, गळ्यात शिट्टी. त्यांनी आमच्या गळ्यात पुठ्ठ्याचे बिल्ले अडकवले. माझा 'जखमी-५, डावा हात', रुपालीचा 'मृत-३'. सराव अकराला होता, पण अहवाल साडेदहाच्या आत वर जायला हवा होता, म्हणून तो आदल्या दिवशीच टाइप होऊन आला होता. साहेबांनी तो कार्यालयात मोठ्याने वाचला आणि मोबाईलवरून पाठवून दिला. 'सराव अत्यंत शिस्तीत पार पडला. मृत ३, जखमी ७. कोणतीही अनुचित घटना घडली नाही.'

आमचे शिपाई बन्सीमामा दारात उभे होते. ते फौजेतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "साहेब, मग आता सराव कशाला? घरी जाऊ द्या की पोरास्नी."

"सराव झाल्याशिवाय अहवाल खोटा ठरेल," साहेब म्हणाले.

अकराला सायरन वाजला. मुख्याध्यापक ठरल्याप्रमाणे सायकल स्टँडमध्ये लपले. मी जिन्यावरून पळत निघाले, आणि मधल्या पायरीवर मला वाटलं की हीच ती जागा. उजेड चांगला होता. मी डावा हात धरला, "आई गं! माझा हात! पण माझा देश!" असं ओरडले आणि आडवी पडले. देशाबद्दलचं वाक्य यादीत नव्हतं, ते माझं स्वतःचं.

रुपाली मागून मैदानाकडे, म्हणजे आपल्या मरणाच्या जागेकडे पळत होती. ती माझ्यावर अडखळली आणि आठ पायऱ्या खाली गेली.

ती खाली पडून कण्हायला लागली. आणि खरं सांगते, मला राग आला. "ए, मेलेल्यांनी बोलायचं नसतं," मी वरून कुजबुजले, "विव्हळणं माझं आहे."

"सृष्टी," ती म्हणाली, "हात."

मी पाहिलं. तिचा उजवा हात मनगटाच्या वर असा वाकला होता, जिथे हात वाकत नसतो. मी विव्हळणं सोडून खाली धावले.

शोभा मॅडमनी आणि मी तिला मैदानावर आणलं. फाटकाशी रुग्णवाहिका उभी होती, खरीखुरी, आत डॉक्टरांचा माणूससुद्धा. मॅडम म्हणाल्या, "साहेब, आधी हिला न्या."

मुळेसाहेबांनी बिल्ला वाचला. यादी वाचली. पुन्हा बिल्ला वाचला. "ही मृत आहे."

"हात खरंच मोडलाय हो!"

"मॅडम, मृतांना रुग्णवाहिका नाही. मृत मैदानाच्या पूर्वेला."

"मग मी रिक्षा बोलावते."

"बारापर्यंत हल्ला चालू आहे. फाटक फक्त रुग्णवाहिकेसाठी उघडेल."

"मग आठवी जखमी म्हणून घ्या!"

"जखमी सात. अहवाल गेलाय." हे त्यांनी एवढ्या दुःखाने सांगितलं की हात त्यांचाच मोडलाय असं वाटावं.

आता माझी वेळ आली होती. नेवासा गाजवणारी मी. मी पुढे झाले, मूठ वळली आणि न्याय, माणुसकी, हुतात्मे, सगळं दीड मिनिटात सांगितलं. साहेबांनी फाइल उघडून लिहिलं : 'जखमी-५ : प्रकृती सुधारत आहे.'

बन्सीमामांनी मला बाजूला ओढलं. "बोलून काय हुनार न्हाई, पोरी. मी फौजेत अकरा दिवस बेपत्ता हुतो. कागदावर. खरं तर मी लंगरमध्ये कांदे चिरत हुतो. रोज जाऊन सांगायचो, साहेब, मी हाय. साहेब म्हनायचे, हाय तर अर्ज कर. तिकडं आईनं अकरा दिवस अन्नाला हात लावला न्हाई."

"मग सुटलात कसे?"

"एक खरंच बेपत्ता झाला. त्याच्या जागी मी सापडलो. आकडा जुळला."

रुपाली जमिनीवर डोळे मिटून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. मी माझ्या गळ्यातला बिल्ला काढून तिच्या गळ्यात घातला, तिचा माझ्या.

"साहेब," मी म्हटलं, "मी मेले."

"असं मधेच मरता येत नाही!"

"मृत तीन, जखमी सात. मोजून घ्या."

त्यांनी मोजलं. दोनदा मोजलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर फुटल्यावर येतो तसा आनंद आला. "बरोबर आहे. जखमी पाचला उचला!"

रुग्णवाहिकेतल्या माणसाने बिल्ला वाचला आणि रुपालीच्या डाव्या हाताला फळी बांधायला घेतली.

"उजवा!" रुपाली ओरडली. कबड्डीच्या मैदानाबाहेर तिला ओरडताना मी प्रथमच ऐकलं.

"इथे डावा लिहिलंय, ताई."

शेवटी दोन्ही हातांना फळ्या बांधून तिला नेलं.

मी पूर्वेला जाऊन पडले. शेजारी आठवीची आरती होती, मृत क्रमांक एक. कानात मुंगी गेली तरी हलले नाही. माझ्या भाषणात मी साडेतीन मिनिटांत शत्रूचे दोन लाख मारले होते. त्यातला एकही जिन्यावरून पडला नव्हता. एकाचीही पहाटे पाचला प्रॅक्टिस नव्हती.

"ताई," आरती हळूच म्हणाली, "तू रडतेयस. मेलेल्यांनी रडायचं असतं का?"

"यादीत बघ," मी म्हटलं.

आठवड्याने शाळेला अभिनंदनाचं पत्र आलं. दवाखान्यात डॉक्टरांनी बिल्ला न वाचता हात पाहिला आणि योग्य हाताला प्लास्टर घातलं, पण नोंद बिल्ल्यावरून झाली होती. त्यामुळे सृष्टी गाडे हिचा डावा हात मोडला असून तिला सहा आठवडे खेळायला मनाई आहे. रुपालीला मात्र चाचणी पुढे ढकलायला प्रमाणपत्र हवं होतं, आणि कागदावर तिला काहीच झालेलं नाही. कागदानुसार बारा वाजता ती मैदानातून उठून घरी गेली. दुरुस्तीसाठी मी तीन अर्ज केलेत. तिसऱ्याला उत्तर आलं : अर्जदाराचा हात मोडलेला असताना अर्ज कोणी लिहिला, याचा खुलासा करावा.

चाचणी काल झाली. रुपालीशिवाय.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. काय बोलायचं ते येताना पाठ केलं होतं, चांगलं झालं होतं, दोन ठिकाणी थांबायचंही ठरवलं होतं. दारात पोचले आणि ते सगळं तिथेच ठेवून तिच्याशेजारी जाऊन बसले.

रुपालीने पेन पुढे केला. प्लास्टरवर सगळ्या वर्गाच्या सह्या होत्या, मधली जागा रिकामी होती.

"सही कर," ती म्हणाली. "मोडलेल्या हाताने."

मी डाव्या हाताने लिहिलं. दहा मिनिटं लागली. 'सृष्टी'मधला 'ष्ट' जिन्यावरून पडल्यासारखा आला.

तिने वाकून पाहिलं. "आता अर्ज पण ह्याच हाताने लिहायचा. चौथा, दुरुस्तीचा. आणि पाचवा, चाचणी परत घ्या म्हणून. मी सांगते तेवढंच लिहायचं."

मी मान हलवली आणि वही उघडली.