यादीतला स्विच

एक्स-रेचं केंद्र सासऱ्यांचं, पण अकरा वर्षं ते चाललं थोरल्या सुनेच्या बोटांवर. सगळे फोटो एकाच जुन्या सर्व्हरमध्ये. तो रुसला की खालच्या मजल्यावरून हाक येई, "सूनबाई, बघ गं याला काय झालं." हातातलं काम टाकून ती निघे. तोंडाने कुरकुर करी. पण ती हाक ती गळ्यातल्या दागिन्यासारखी मिरवी.

मग धाकटी जाऊ आली. बोलायला गोड, कामाला वाघ. बंद पडलेल्या एका कंपनीचे दोन वापरलेले सर्व्हर तिने भंगाराच्या भावात उचलले. दोघांच्या पोटात तीन-चार आभासी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने घडवलेले संगणक उभे केले, आणि फोटो ठेवायला दोघांत मिळून एक डिस्कची पेटी जोडली. म्हणाली, एक सर्व्हर आडवा झाला तर दुसरा त्याचं काम उचलेल; फोटो सामाईक पेटीतच असल्याने मिनिटाभरात सगळं पुन्हा सुरू. कुणाला हाक मारायला नको.

कुणाला हाक मारायला नको. हे चार शब्द थोरलीला काट्यासारखे सलले.

पण नवी मांडणी अडखळली. नावं, तारखा, बारीकसारीक नोंदी सुरळीत जात. मोठा फोटो पाठवला की तो निम्म्यात गुदमरे. धाकटीने केबल बदलल्या, डिस्क तपासल्या, दोन दिवस धड जेवली नाही. सासरे म्हणाले, शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर सामान परत कर. जुना सर्व्हर आहेच आणि थोरली सूनबाईही आहेच. त्या दिवशी थोरली गुणगुणत वावरली.

कारण तिला दुखणं ठाऊक होतं. वेग वाढावा म्हणून धाकटीने सर्व्हरना आणि पेटीला माहितीचे मोठाले गठ्ठे पाठवायला लावलं होतं. या सगळ्यांच्या केबल जिथे एकत्र येत, त्या मधल्या नेटवर्क स्विचच्या डबीला ते पेलतच नव्हते. पेलणारा स्विच चार वर्षांपूर्वी जळाला, तेव्हा थोरलीने घाईत स्वस्तातला बसवला आणि भिंतीवर डकवलेल्या यंत्रांच्या यादीत जुन्याचंच नाव राहू दिलं. स्विच छताजवळच्या लोखंडी कपाटात, वायरींच्या जटांमागे. तिथे कोण डोकावतंय?

शनिवारी ती सर्व्हरच्या खोलीच्या दारात आली, तेव्हा सासरे विचारत होते की मधला स्विच कधी उघडून पाहिलास का. धाकटीचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

"नाही पाहिला, मामंजी. यादी ताईंच्या हातची आहे. त्यांचं लिहिलेलं मी कशाला तपासू?"

थोरलीला वाटलं, हिने शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर तरी देता येतं. अकरा वर्षांत तिच्या अक्षरावर एवढा भरवसा कुणी टाकला नव्हता, आणि टाकला तो नेमका हिने. गप्प राहावं तर ते अक्षरच खोटं ठरत होतं.

"यादी चुकीची आहे," ती म्हणाली. "स्विच मी बदललाय. मोठे गठ्ठे त्याला झेपत नाहीत. दोन्ही सर्व्हर आणि पेटी, तिन्हीकडे गठ्ठ्यांचं नेहमीचं माप ठेव."

धाकटीने माप बदललं. फोटो सरसर गेला.

सासऱ्यांनी धाकटीला शाबासकी दिली, तर ती लगेच म्हणाली, ताईंनी सांगितलं म्हणून जमलं. थोरलीचा जीव आणखीच जळला. चूक कबूल करून पाणी पाणी व्हायचं आपण, आणि मनाचा मोठेपणा पडायचा हिच्या पदरात!

उरली शेवटची चाचणी. चालत्या सर्व्हरची विजेची पिन ताईंनीच काढावी, असा धाकटीने हट्टच धरला. थोरलीने ती उपटली, जरा जास्तच जोरात.

पडद्यावरचा गुडघ्याचा फोटो विझला. सगळं काळं. सासऱ्यांची मान सवयीने थोरलीकडे वळली, ओठ हाकेसाठी विलगलेही. तिने एक पाऊल पुढे टाकलं.

तेवढ्यात दुसऱ्या सर्व्हरचा पंखा घरघरला. पडदा राखाडी झाला, पांढुरका झाला, गुडघा पुन्हा उजळला; आणि सासऱ्यांची मान परत पडद्याकडे फिरली.