एकाच नावाच्या दोघी

"हे पान चुकतंय गं," मावशी म्हणाल्या.

प्रोग्रामर मुलीने लॅपटॉपवरून नजर वर केली. रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये एकोणतीस वर्षे फायली काढून देणाऱ्या या बाईंना डॉक्टरांपासून सगळेच मावशी म्हणत. सोमवारपासून वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर नाव टाकले की रुग्णाची माहिती तिथेच दिसणार होती. त्याआधी जुन्या नोंदींची नक्कल घेऊन, सगळे मुलीच्या लॅपटॉपवरच चालवून तपासायचे होते.

एवढी पाने आत ठेवलीस कुठे, असे मावशींनी सकाळी विचारले होते. पान आधी कुठेच नसते, मुलीने सांगितले. आत फक्त नोंदी, आणि त्या कशा मांडायच्या हे सांगणाऱ्या ओळी. कुणी मागितले की सर्व्हर त्याच क्षणी पान तयार करतो. मावशींनी एक नाव टाकले. पान आले. दुसरे टाकले, तेही आले. क्षणापूर्वी नव्हतेच ते आपण विचारले म्हणून घडले, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. दुपारपर्यंत त्या एकामागून एक नावे टाकत राहिल्या.

आणि आता हे नाव.

"एकच आली. या नावाच्या दोघी होत्या. एकाच दिवशी, एकाच वॉर्डात. रक्तगट वेगळे. एकीसाठी आणलेलं रक्त दुसरीला लावत होते, मी दुसरी फाईल घेऊन जिन्यावरून धावत गेले तेव्हा थांबले."

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन्ही फायलींचे नंबर मावशींनी तोंडपाठ सांगितले. मुलीने तपासले, दोन्ही नोंदी होत्या. पहिली सापडली की मुलीच्या प्रोग्रामचा शोध तिथेच थांबत होता.

मग तिने ओळी बदलल्या, पान पुन्हा चालवले. एरर आली. तिसऱ्या खेपेला दोघी एकीखाली एक दिसल्या.

"अशा वेळी नर्ससाठी वर काय लिहू?"

"थांबा. आधी आईचं नाव विचारा."

मुलीने तसेच टाइप केले. मावशींनी पुन्हा नाव टाकले. पान नव्याने घडले, आणि त्यात त्यांचे वाक्य होते. त्यांनी ते दोनदा वाचले.

तेवढ्यात वॉर्डातून फाईलसाठी फोन आला. नाव शोधायला मुलीने की-बोर्ड ओढला.

"राहू दे. सोमवारपर्यंत माझं काम आहे," म्हणत मावशी रॅकांमध्ये शिरल्या. मुलगी बघत राहिली. रॅकवरची एकही चिठ्ठी न वाचता त्या चौथ्या रॅकशी थांबल्या, हात वर करून फाईल काढली, तळहाताने धूळ पुसली आणि जिन्याकडे निघाल्या.