बसून की बसवून?

मी एक लाल पेन. बोलायची मला सवय नाही. दुसऱ्यांच्या बोलण्यावर रेघा ओढण्यातच माझा जन्म गेला.

कारखान्यातून माझ्यासारखी हजारो निघाली. मी आलो भाषेच्या एका मास्तरांच्या खिशात. ते नोकरभरतीच्या परीक्षांचे प्रश्न काढायचे. माणूस सरळ, पण एकदा खूण केली की कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

त्या वर्षी रुग्णालयात मदतनीस भरायचे होते. मास्तरांनी वाक्य दिलं : 'परिचारिकेने रुग्णाला बसून औषध पाजले.' अभिप्रेत अर्थ ओळखून दुरुस्त करा. पर्याय दोन : 'परिचारिकेने स्वतः बसून रुग्णाला औषध पाजले' आणि 'परिचारिकेने रुग्णाला बसवून औषध पाजले'. पहिल्यात मूळचे शब्द तसेच राहतात, म्हणून त्यांनी त्यावर बरोबरची खूण केली. मीही ती ऐटीत उमटवली.

निकालानंतर एक बाई हरकत घेऊन आल्या. त्याच रुग्णालयात अकरा वर्षं रोजंदारीवर होत्या. एका गुणानं त्यांची निवड हुकली होती.

"मास्तर, आडव्या माणसाला औषध पाजलं तर ठसका लागतो, जीवही जातो. आधी त्याला बसवावंच लागतं. नर्स बसली काय न् उभी राहिली काय, कुणाला पडलंय?"

"व्याकरणात 'बसून' हे कर्त्याकडे जातं, बाई."

"मग वाक्य बरोबरच होतं की! दुरुस्त करायला कशाला दिलंत?"

मास्तरांच्या बोटांना घाम फुटला. त्यांना पटलं होतं, ते मला त्या घामातून कळलं. पण उत्तर बदललं असतं तर यादी बदलली असती, आणि चूक कोणाची, असं वरून विचारलं गेलं असतं.

"पुढच्या वर्षी पुन्हा द्या परीक्षा," ते खाली बघत म्हणाले.

"वय बसत नाही आता."

मास्तरांनी माझ्याकडून लिहून घेतलं : 'हरकत अमान्य'. माझी शाई मध्येच अडली. त्यांनी दाबून पुन्हा गिरवलं. बाईंनी कागद दोनदा वाचला. "निघते. वॉर्डात औषधांची वेळ झाली," एवढंच म्हणाल्या.

दोन महिन्यांनी मास्तर मला खिशाला लावून रुग्णालयात गेले. उत्तर चुकल्याची कबुली लिहून नेली होती. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "कायमचे लोक रुजू झाले. रोजंदारीवाल्यांना काढलं. पत्ता? नाही आमच्याकडे."

ती कबुली आज माझ्याशेजारी खणात पडून आहे. मास्तरांनी प्रश्न काढणं सोडलं. माझ्यात शाई आहे अजून. तुमच्यापैकी कुणी मला उचललंत, तर खूण करण्याआधी थोडं थांबा. समोर उभ्या असलेल्या माणसाला काय म्हणायचंय, ते पुरतं ऐकून घ्या.