बाबांच्या म्हणण्याचा सारांश

बाबा पहिला घास उचलणार, तेवढ्यात राहीने वही उघडून घसा खाकरला.

"वाचू?"

"काय गो?"

"मॅडमनी सांगितलंय, कुणाचंबी म्हणणं चार वाक्यांत मांडायचं. तो काय म्हणतो, कशाच्या जोरावर, कशासाठी आणि कुणाला. मी तुमचं घेतलंय. कल्याणच्या कॉलेजात मी का जायचं नाय, ते."

परवा प्रवेशाची मुदत संपत होती आणि आठवडाभर हे भाषण भाकरीबरोबर रोज वाढलं जात होतं.

राहीने वाचलं, "'लेखकाच्या मते टोकावड्याच्या मुलीने मुरबाडच्या पुढे शिकू नये. पुरावा म्हणून लेखक चुलतभाऊ विनोदचे केस देतो, जे कल्याणला जाऊन पिवळे झाले. तसेच आवाज चढवणे, ताट सरकवणे आणि मध्येच पाणी मागणे या पद्धती वापरतो.'"

चुलीपाशी आईने पदर तोंडाला लावला. राही ओरडा खायच्या तयारीने बसली. पण बाबांचा घास हातातच राहिला होता.

"लेखक म्हंजे मी?"

"मग कोण?"

"परत वाच."

दुसऱ्यांदा ऐकताना ते मांडी सावरून बसले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"येवढाच पुरावा? केसांवर कोन इस्वास ठेवील? मॅडम हसतील. गाडी चुकते ते टाक."

"मुरबाडलाबी तीच गाडी जाते," आई तव्याकडे बघत म्हणाली.

"मंग थितली पोरं वाईट, ते टाक."

"वाईट म्हणून तुम्ही विनोददादाच सांगता. तो तर इथलाच."

बाबांनी घास परत ताटात ठेवला. आपलं भाषण एवढं लंगडं असेल, हे त्यांना कुणी आजवर सांगितलं नव्हतं.

"कशासाठी, त्याचं काय लिवलंस?"

राहीचा आवाज जरा उतरला. "ती जागा मोकळी सोडलीय. मला कळलं नाय."

"आन् कोनाला सांगतो ते?"

"'लेखक हे मुलीला सांगतो, पण बघतो आईकडे.'"

बाबांनी चटकन आईवरची नजर काढून ताटात घातली. भाकरीचा तुकडा आमटीत पार विरघळेपर्यंत ते तो बुडवत राहिले.

"कल्यानवरनं शेवटची गाडी हितं किती वाजता येते?"

राहीने लगबगीने पेन उघडलं. "हे पुराव्यात घालू?"

"नाय गो," बाबा म्हणाले. "ते मला पायजे."