पस्तीस दमांचा प्रवास
बू मालसुननं कोरियातल्या जेजू बेटाच्या समुद्रात शिंपले काढायला चाळीस वर्षं बुड्या मारल्या होत्या, पण विमानात पाय ठेवायची ही पहिलीच वेळ. आणि तीसुद्धा वाळलेल्या समुद्रशेवाळाची दोन हात लांब जुडी कवटाळून!

सोलमध्ये तिच्या लेकीला, हेवॉनला, पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या. बाळंतिणीच्या सुपाचं शेवाळ मूल होईपर्यंत दुमडायचं नाही, मोडायचं तर मुळीच नाही. नाहीतर बाळ अडतं, हे कुणीही सांगेल. हेवॉनच्या वेळी सासूबाईंनी पिशवीत मावेना म्हणून ते खुशाल दुमडलं आणि मालसुन दोन दिवस तडफडली. लेकीच्या नशिबी ते यायला नको, एवढ्यासाठीच तिचा जीव टांगणीला लागला होता.

"सोल किती लांब गं?" तिनं हवाईसुंदरीला विचारलं.

"साडेचारशे किलोमीटर, आजी. एक तास दहा मिनिटं."

किलोमीटर कुणाला कळतात! मालसुन एका दमात दोन मिनिटं पाण्याखाली राही. "म्हणजे पस्तीस दम. हात्तिच्या! तेवढ्यात माझी टोपलीसुद्धा भरत नाही."

वरच्या कप्प्यात जुडी तिरकी घातली तरी वीतभर बाहेरच. शेवटी हवाईसुंदरीनं हात टेकले आणि जुडी तिन्ही सीटांपुढे, पायांखाली आडवी ठेवायला सांगितली.

"मग मी पाय कुठे ठेवू?" शेजारचा टायवाला कुरकुरला.

"वर घे! तुझी बायको बाळंत झाली तेव्हा शेवाळ आलं होतं ना?"

"आलं होतं. सासूबाईंनी आणलं."

"दुमडून?"

"छे छे, भलतंच काय!" म्हणत त्यानं मुकाट्यानं गुडघे छातीशी घेतले. पलीकडच्या कॉलेजच्या पोरीनं तर कधीच मांडी घातली होती, वर खुदुखुदु हसत होती.

बाविसाव्या दमाला टायवाल्याला लघवीला लागली.

"आजी, जरा उठू का?"

"पाय घसरला म्हणजे? तेराच दम राहिलेत, धर की!"

"तुमचा दम मोठा हो, माझा नाही!"

मागची रांग फिदीफिदी हसली. तेवढ्यात कप्तानाचा आवाज आला: खाली गर्दी आहे, आणखी दहा मिनिटं घिरट्या घालाव्या लागतील.

"पाच दम वाढले!" मागून कुणीतरी ओरडलं. टायवाल्यानं डोळे मिटले.

चाकं टेकली आणि मालसुननं फोन लावला. पलीकडून जावई ओरडतच होता. "आई, मुलगी झाली! अर्धा तास झाला! डॉक्टर हातमोजे चढवतायत तोवर आलीसुद्धा!"

"अगंबाई!" मालसुन इतक्या जोरात किंचाळली की सगळं विमान वळून बघायला लागलं. मग हेवॉनचा आवाज आला, दमलेला पण ठणठणीत. "आई, भूक लागलीय गं."

मालसुन खाली वाकली, जुडी ओढली, गुडघ्यावर धरली आणि कडाड्‌कन मोडली. मग आणखी एकदा.

"अहो आजी!" टायवाला रडकुंडीलाच आला. "याच्यासाठी मी इतका वेळ..."

"अरे, नात झाली मला! आता जपायचं कशाला?" डोळे पुसत, हसत तिनं तुकडे पिशवीत कोंबले. "हो बाजूला, माझी पोर उपाशी आहे."